टीव्हीसमोरून हलायचं नाही

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही. पटो न पटो, घडलं ते माझ्याबाबतीत घडलं. तारीख, वार, वेळ, सगळं मला आजही तोंडपाठ आहे.

१३ जुलै १९९८. सोमवार. बहरीन. मीना सलमान बंदराच्या मागे गोदामांच्या रांगा आहेत, त्यांच्या टोकाला तेव्हा बंगाली कामगारांचा एक कॅम्प होता.

दुपारचे अडीच.

हो, दुपारचे. भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात हे मलाही माहीत आहे. पण जुलैच्या दुपारी बहरीनमध्ये रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रात्री निदान माणसं तरी असतात.

माझं नाव खिजर. गाव श्रीवर्धन. तेव्हा मी जिदहफ्सच्या एका डिशच्या दुकानात फिटर होतो. लोकांच्या गच्चीवर चढायचं, छत्री बसवायची, ती बरोब्बर सॅटेलाइटकडे वळवायची, नट आवळायचे, खाली उतरायचं. दिवसाला चार-पाच गच्च्या. लोखंडाला हात लावला की फोड येणार, हे ठरलेलं.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगतो. ती नीट कळली तरच पुढचं कळेल.

डिश बसवायला दोन माणसं लागतात. एक वर गच्चीवर, एक खाली टीव्हीसमोर. वरचा डिश हलवतो, खालचा ओरडून सांगतो. "आया... आया... गया!" वरच्याला टीव्ही दिसत नाही, खालच्याला डिश दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. आणि चित्र स्थिर झालं, नट आवळले, की वरचा ओरडतो, "खलास!"

खलास म्हटलं की खालचा सुटला. तोपर्यंत त्याने टीव्हीसमोरून हलायचं नाही.

सिग्नल मोजायचं मशीन असतं, तेव्हाही होतं. आमच्या दुकानात एकच होतं आणि ते कायम बिघडलेलं. मॅनेजरला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "ओरडून होतंय ना काम?" होत होतं.

तर त्या कॅम्पवाल्यांनी सगळ्यांनी मिळून एक डिश घेतली होती. एक खाजगी बंगाली चॅनल तेव्हा सॅटेलाइटवर नवीन सुरू झालं होतं आणि बहरीनभरच्या बंगाली लोकांना त्याचं वेड लागलं होतं. आपल्या भाषेत चोवीस तास! आम्हा फिटर लोकांच्या मात्र ते चॅनल डोक्यात जायचं. सिग्नल कमजोर. सॅटेलाइट पूर्वेला, खाली उतरलेलं. डिश बोटभर इकडची तिकडे झाली की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि पडदा काळा. इतर चॅनलना दहा मिनिटं लागत, याला दीड तास.

त्या दिवशी खाली उभं राहायचं काम रहिमतुल्लाचाचाचं होतं. चाचा आमचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा, वयाने वडिलांएवढा. पण पिकअप एका वर्कशॉपच्या गेटसमोर आडवी लावावी लागली होती, त्यामुळे त्याला स्टिअरिंग सोडता येईना.

कॅम्पमध्ये चिटपाखरू नव्हतं. सगळे पहाटे पाचलाच साइटवर गेलेले.

एकच माणूस होता. टीव्हीच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर पडलेला. चाळिशीचा असेल, बारीक, दाढीवाला, लुंगी-बनियानवर. अंगात ताप, म्हणून दोन दिवस सुट्टी मिळालेली. नाव विचारलं तर म्हणाला, नजीब.

"टीव्ही के सामने खड़ा रहेगा? आवाज देना है," मी म्हटलं.

तो उठूनच बसला. "ये चैनल में हमारा देश दिखेगा, भाई? पानी का खबर दिखेगा?"

"कैसा पानी?"

"बाढ़. हमारा गाँव में पानी घुसा है. छे दिन से फोन नहीं लगता."

त्या वर्षी त्यांच्याकडे मोठा पूर आला होता. मला त्याचं काही पडलेलं नव्हतं, खरं सांगतो. मला चार वाजायच्या आत बुसैतीनच्या एका बंगल्यावर पोचायचं होतं. "दिखेगा, दिखेगा, सब दिखेगा," म्हणालो आणि बाहेरच्या लोखंडी शिडीने वर गेलो.

खाली त्या खोलीत एसी होता, पण बंद. कॅम्पमध्ये माणसं कामावर गेली की एसीची लाईनच बंद करायचे. संध्याकाळी पाचला चालू. एक आजारी माणूस मागे राहिलाय म्हणून कोण चालू ठेवणार?

मी डिश हलवायला लागलो.

"आशछे भाई... आशछे!" खिडकीतून आवाज आला. आशछे म्हणजे येतंय. मग, "गेलो... चोले गेलो." म्हणजे गेलं. एवढं बंगाली मी त्या दिवशी शिकलो.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. आणि मध्येच आवाज बंद.

मी वरून हाका मारतोय, उत्तर नाही. डिश हातात, घाम डोळ्यांत. दोन मिनिटांनी आवाज आला, "भाई, पानी पीने गया था."

ठीक आहे. परत सुरू. दहा मिनिटांनी परत गप्प. परत पाणी. आणि नेमकं तेव्हाच सिग्नल येऊन गेला असणार, कारण माझ्या हाताखालची जागा बरोबर होती हे मला वाटत होतं. परत पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा तसंच झालं आणि माझं डोकं फिरलं.

मी गच्चीच्या कडेला जाऊन वाकलो आणि त्या खिडकीत ओरडलो, "ओ मिया! जब तक मैं नीचे नहीं आता, टीवी के सामने से हिलना नहीं! पानी पीने भी नहीं! समझा?"



मग खालून आवाज आला. "जी भाई. नहीं हिलेगा."

माझ्या तोंडून गेलेले हे शब्द मी त्यानंतर किती वेळा आठवले असतील, त्याला गणती नाही.

त्यानंतर तो एकदाही हलला नाही. वीस मिनिटांत चित्र लागलं. "आशछे भाई! आशछे! पानी दिखता है, भाई! पूरा पानी!" असा ओरडला की मलाही हसू आलं. मी नट आवळायला घेतले.

तेवढ्यात खालून हॉर्न. एक, दोन, सलग. वर्कशॉपवाल्याचा ट्रक बाहेर काढायचा होता आणि तो चाचाच्या अंगावर ओरडत होता. मी शेवटचा नट आवळला, हत्यारं पिशवीत कोंबली, शिडीवरून उतरलो आणि थेट पिकअपमध्ये.

खोलीत गेलो नाही.

खलास म्हणालो नाही.

जॉब कार्डवर कस्टमरची सही घ्यायची राहिली होती. रस्त्यात आठवलं. कोण परत जाणार? मीच डॅशबोर्डवर कार्ड ठेवून वेडंवाकडं 'नजीब' लिहिलं. सगळेच फिटर असं करायचे.

* * *

दोन दिवसांनी दत्तप्रसाद साहेबांनी बोलावलं.

दत्तप्रसाद म्हणजे आमचे मॅनेजर. पुण्याचे. दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं तेव्हा शटर अर्धं ओढून आत बसायचे आणि कागदपत्रं करायचे. माणूस वाईट नव्हता. पण कागदावर जे लिहिलंय तेच खरं, बाकी जग खोटं, असा स्वभाव.

"खिजर, मीना सलमानच्या कॅम्पची कम्प्लेंट आहे. नजीब नावाच्या माणसाचा फोन होता. काल पण होता, आज पण. बरोबर अडीचला."

"चित्र गेलं का?"

"ते काही बोलत नाही. एकच वाक्य. भाई नीचे नहीं आया. म्हणजे काय रे? तू आत गेला नव्हतास?"

 मला ती खोटी सही आठवली. "गेलो होतो की, साहेब. सही आहे ना कार्डावर."

"मग त्याचीच सही परत आण. 'तक्रार नाही' असं लिहून. तोपर्यंत तुझा लीव्ह फॉर्म मी पुढे पाठवू शकत नाही."

इथे मला माझ्या रजेबद्दल सांगायला हवं.

मला बहरीनला येऊन सव्वादोन वर्षं झाली होती. आलो तेव्हा अजराला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना होता. सुहा झाली ती मी फोनवर ऐकली. दोन वर्षांची झाली, चालायला लागली, बोलायला लागली, सगळं फोनवर. वीस ऑगस्टचं तिकीट होतं. दर शुक्रवारी फोन केला की अजरा म्हणायची, "ती सगल्यांना सांगतेय, माजा बाबा फोनात राहतो. तुम्ही येनार ना नक्की?"

आणि पासपोर्ट दुकानाच्या तिजोरीत. आमच्या अरबाबचा, म्हणजे मालकाचा, नियमच होता. ज्याच्या नावावर कम्प्लेंट उघडी आहे त्याला रजा नाही. माझ्या आधीचा एक फिटर पाच कम्प्लेंटी टाकून गेला तो परत आलाच नव्हता, त्याची शिक्षा आम्ही भोगत होतो.

एक सही. त्या एका सहीसाठी माझी मुलगी अडकली होती.

मी दुसऱ्याच दुपारी गेलो. संध्याकाळी जाणं शक्य नव्हतं, चार ते नऊ दुकानाच्या कामातून सुटका नसायची.

कॅम्प तसाच रिकामा. मला वाटलं, वर जाऊन डिश एकदा बघावी, मग त्याला शोधू. शिडीने वर गेलो. नट ढिले नव्हते. तरी सवयीने डिशला हात लावला, जराशी डावीकडे नेली...

"गेलो भाई... चोले गेलो..."

खालून. त्याच खिडकीतून.

मला बरंच वाटलं. आहे म्हणजे बाबा जागेवर. मी डिश परत उजवीकडे घेतली.

"आशछे... आशछे..."

आवाज जरा बसलेला होता. ताप गेला नसावा. मी नट आवळले आणि म्हटलं, "नजीबमिया, नीचे आता हूँ, एक साइन चाहिए!"

उत्तर नाही.

खाली उतरलो. टीव्हीच्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप.

मी दार ठोठावलं. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. हाका मारल्या. काही नाही. मला इतका राग आला! आत बसून आवाज देतो आणि सही मागितली की गप्प. म्हटलं हा माणूस मला मुद्दाम छळतोय. पाणी पिऊ दिलं नाही त्याचा सूड उगवतोय.

पिकअपमध्ये बसलो तर रहिमतुल्लाचाचा माझ्याकडे बघत होता.

"कोनाशी बोलत होतास रे इतका वेल?"

"त्या बंगाल्याशी. आत बसून नाटकं करतोय."

"आत?" चाचाने गाडी चालू केली नाही. "मी इथनं बघतोय. दाराला टालं हाय. कोन आला नाय, गेला नाय. आनि मना तर तुजाच आवाज येत होता."

"एसीत काचा बंद करून बसल्यावर काय ऐकू येणार तुम्हाला?"

"काच खाली होती, खिजर."

मी म्हटलं, यल्ला, चला. मला तेव्हा भीती वाटली नाही. चीड आली. पुढचा महिनाभर मी फक्त चिडत होतो. रोज अडीचला फोन यायचा, रोज दत्तप्रसाद वहीत एक ओळ लिहायचे. मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा कुलूप. दोन्ही वेळा मी वर गेल्यावर खालून आवाज.

प्रत्येक वेळी आधीपेक्षा बसलेला... आधीपेक्षा कोरडा.

तिसऱ्या फेरीला मी डिशला हात न लावता नुसता उभा राहिलो. तरी आवाज आला.

"भाई... है ना ऊपर?"

मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते मला सांगता येत नाही. शिडीवरून उतरताना मी स्वतःलाच शिव्या देत होतो.

* * *

सोळा ऑगस्ट. तिकिटाला चार दिवस.

दत्तप्रसाद म्हणाले, "हे बघ, मी माझ्या हाताने तुझी रजा अडवतोय असं नाही. पण रोज फोन येतोय रे. आवाज लांबून येतो, मागे बातम्या चालू असल्यासारख्या. एवढं काय केलंस त्या माणसाचं?"

"काही नाही केलं, साहेब."

त्या दुपारी कॅम्पच्या स्वयंपाकघरात माणूस होता. मेसचा कुक, मोफिजमिया. म्हातारा, चांगला होता. मी सरळ विचारलं, नजीब कुठे आहे? मला त्याची सही हवी.

त्याने हातातला डाव खाली ठेवला.

"कौन नजीब?"

"टीव्हीच्या खोलीशेजारी राहतो तो. दाढीवाला. रोज आमच्या दुकानात फोन करतो."

मोफिजमियाने चूल बारीक केली. मग त्याने सांगितलं ते असं.

डिश बसली त्याच दिवशी संध्याकाळी सहाला माणसं साइटवरून परत आली. खोलीत टीव्ही चालू होता. नवीन चॅनल स्वच्छ दिसत होतं, त्यावर पुराची दृश्यं चालली होती. आणि नजीब टीव्हीसमोर जमिनीवर पडलेला. गेलेला. डॉक्टर म्हणाला, उष्माघात. अंगातलं पाणी संपलं.

"पानी का बोतल वहीं था," मोफिजमिया म्हणाला. "हाथ जितना दूर. पूरा भरा हुआ. बुखार में आदमी पानी क्यों नहीं पिया, भाई? हम लोग आज तक सोचता है."

 मी भिंतीला टेकलो.

"उसका घर का लोग?" कसंबसं विचारलं.

"सब ठीक है. पानी उतर गया. वो लोग को तो बाद में पता चला." त्याने कमरेची किल्ली काढली. "दिन में वो कमरा हम बंद रखता है. टीवी का वायर भी निकाल देता है. फिर भी..."

"फिर भी क्या?"

"तुम देखो. हम नहीं आएगा."

किल्ली माझ्या हातात ठेवून तो परत चुलीकडे वळला.

मी त्याला सांगितलं नाही. बाटली भरलेली का राहिली हे सबंध जगात एका माणसाला माहीत होतं, आणि त्याने तोंड उघडलं नाही. पोलीस येतील, रजा जाईल, सुहा अजून दोन वर्षं फोनातल्या बापाशी बोलेल... हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

मी कुलूप काढलं. दार ढकललं.

आत अंधार, आणि भट्टीसारखी गरम हवा. टीव्ही बंद. वायर गुंडाळून वर ठेवलेली.

टीव्हीसमोर, सिमेंटच्या जमिनीवर, दोन पावलं.

अनवाणी. शेजारी शेजारी. बोटं टीव्हीकडे. पांढरी. घाम वाळला की त्याचं मीठ राहतं ना... तशी.

रोज पुसतो, मोफिजमिया स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला. रोज.

आणि मग ती पावलं, माझ्या डोळ्यांदेखत, कडेने काळसर व्हायला लागली. ओली. वर कुणी उभं असल्यासारखी.

"भाई..."

अगदी जवळून. माझ्या चेहऱ्याच्या उंचीवरून.

"नीचे आया?"

मी उंबऱ्याच्या बाहेर होतो. एक पाऊल. फक्त एक पाऊल आत टाकायचं होतं आणि एक शब्द बोलायचा होता. मी दिवसातून पाच वेळा बोलतो तो शब्द.

मी पळालो.

किल्ली कुठे पडली मला माहीत नाही. पिकअपमध्ये बसलो आणि "चला, चला, चला" एवढंच म्हणत राहिलो.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी जॉब कार्ड काढलं. मांडीवर ठेवलं. या वेळी सही आणखीच खरी वाटत होती. तक्रार नाही. नजीब.

चाचाने बघितलं. मी सगळं सांगितलंही त्याला.

"खिजर, हे बरं नाय केलंस. जा परत. मी येतो संगती. आत जा, त्याला मोकला कर."

"चाचा, चार दिवसांवर तिकीट आहे."

"म्हनून तर सांगतोय."

मी गेलो नाही. दत्तप्रसादांनी सही बघितली, वहीत रेघ मारली आणि तिजोरी उघडली. मेलेल्या माणसाची सही दुसऱ्यांदा करून मी माझा पासपोर्ट घेतला.

* * *

घरी दोन महिने राहिलो. सुहा पहिले चार दिवस माझ्याजवळ आली नाही, मग आली ती पाठ सोडीना. जे हवं होतं ते सगळं मिळालं. पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की तसाच खाली ठेवायचो. अजरा विचारायची, तिथे काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, उन्हाचा त्रास.

तिथेच ठरवलं. परत गेलो की पहिलं काम ते. आत जायचं, टीव्हीसमोर उभं राहायचं, माफी मागायची, खलास म्हणायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी बहरीनला उतरलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी चाचाला घेऊन मीना सलमानला गेलो.

कॅम्प नव्हता.

सपाट जमीन. बुलडोझर फिरवून साफ केलेली. चारी बाजूंनी पत्रे लावलेले. तिथे नवीन गोदाम व्हायचं होतं. माणसं कुठे हलवली, शेजारच्या वर्कशॉपवाल्याला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात भंगार पडलं होतं. त्यात आमची डिश होती, वाकलेली.

मी पत्र्याच्या फटीतून आत शिरलो. खोली कुठे होती त्याचा अंदाज घेतला आणि रेतीत उभा राहिलो. वर गच्ची नाही, खाली खोली नाही. मोठ्याने ओरडलो, "नजीबमिया! मैं आ गया! खलास! खलास!"

वारा होता. पत्रे वाजत होते.

मग...

"आशछे भाई... आशछे..."

खालून. माझ्या पायांच्या खालून.

चाचा मला हाताला धरून ओढत बाहेर घेऊन आला. या वेळी त्यानेही ऐकलं होतं. रस्ताभर तो काहीतरी पुटपुटत पढत होता.

संध्याकाळी दत्तप्रसाद म्हणाले, "बरं झालं आलास. तुझ्या त्या बंगाल्याने परत सुरू केलंय. तू गेल्यापासून रोज अडीचला."

"साहेब, तो कॅम्पच पाडलाय."

"मग दुसरीकडून करत असेल," ते म्हणाले. कागदावर नाव होतं म्हणजे माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात थांबलो. शटर अर्धं खाली. दत्तप्रसाद जेवायला बसले होते. अडीचला फोन वाजला, आणि मी उचलला.

आधी नुसती खरखर. मागे लांब कुठेतरी बंगालीत कुणीतरी बोलतंय, पुराचं काहीतरी. मग तो आवाज. इतका सुकलेला की शब्द एकमेकांना घासत होते.

"भाई?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"भाई... पानी पी लूँ?"

परवानगी मागत होता. साडेतीन महिने उभा राहून तो माणूस माझी परवानगी मागत होता.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना.  एक अक्षर म्हणायचं होतं. पी.

लाईन कट झाली.

त्यानंतर फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. मी रोज अडीचला त्या टेबलाशी उभा राहायचो. दत्तप्रसादांनी महिनाभराने कम्प्लेंट बंद केली आणि म्हणाले, "सुटलास एकदाचा."

सुटलो? तो सुटला म्हणून फोन थांबले, की मी कधीच हो म्हणणार नाही हे कळलं म्हणून थांबले... हे मला कुणीही सांगू शकत नाही. मौलवींना विचारलं, दुवा केली, खैरात केली. दोन हजार सालच्या शेवटी नोकरी सोडून कायमचा घरी आलो. रहिमतुल्लाचाचा आता नाही. त्यामुळे त्या रेतीखालचा आवाज ऐकलेला दुसरा माणूसही उरला नाही.

बहरीनला दुपारचे अडीच वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात.

रोज पाच वाजता मी घरातला टीव्ही बंद करतो. त्याच्यासमोर जमिनीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवतो आणि मोठ्याने म्हणतो, "पी लो, नजीबमिया. खलास." अजराला सवय झाली आहे. सुहाचं लग्न झालं, ती माहेरी आली की तिची मुलं या वेळेला त्या खोलीत जात नाहीत.

मी दाराबाहेर थांबतो. पाच मिनिटं, कधी दहा. मग आत जाऊन बघतो.

ग्लास रोज भरलेलाच असतो.